शेवटच्या कडव्यातलं नाव

१९७६ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात तीन भावांनी स्वतःच्या खर्चानं एक छोटी रेकॉर्ड काढली. प्रती फक्त पाचशे. भावांची नावं डेव्हिड, बॉबी आणि डॅनिस हॅकनी. बँडचं नाव 'डेथ'. काळ्या पोरांनी सोल किंवा फंक वाजवावं अशी तेव्हा सगळ्यांची अपेक्षा, आणि हे तिघे वाजवत होते वेगवान, खरखरीत, अंगावर येणारं रॉक. क्लाइव्ह डेव्हिस पैसे लावायला तयार होते, पण बँडचं नाव बदला म्हणाले. डेव्हिड नाही म्हणाला. करार फिसकटला, रेकॉर्ड कुठे वाजली नाही, बँड मोडला. डेव्हिड २००० साली कर्करोगानं गेला.

पुढे बॉबीच्या मुलांना ही गाणी सापडली आणि आपला बाप तरुणपणी काय वाजवायचा ते पहिल्यांदा कळलं. त्यांनी 'रफ फ्रान्सिस' नावाचा बँड काढला आणि काकाची-बापाची गाणी वाजवायला सुरुवात केली. म्हणजे कव्हर. २००९ साली मूळ रेकॉर्डिंगं अल्बम म्हणून बाहेर आली. आता पंकचा इतिहास सांगताना 'रामोन्स'च्याही आधीचं नाव म्हणून 'डेथ'चा उल्लेख होतो. पंक जन्माला येण्याआधीचं पंक, म्हणजे प्रोटो-पंक.

या गोष्टीत तीन गोष्टी जुळून आल्या. पाचशे का होईना, छापील प्रती होत्या. टेप्स जपून ठेवलेल्या होत्या. आणि गाण्यांवर नाव लावणारे वारस होते. यातलं एक जरी नसतं, तरी कव्हर ऐकून मूळ बँडपर्यंत पोचता आलं नसतं.

मला हे सगळं आठवलं ते एका मराठी गाण्याचा माग काढताना. त्या गाण्याच्या मागेही एक विसरलेला बँड आहे. फक्त त्याची एकही रेकॉर्ड नाही.

गीत : पारंपरिक

दर वर्षी २० मार्चला महाड भरतं. चवदार तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, पाण्याच्या टाक्या, आणि प्रत्येक दहा पावलांवर वेगळं गाणं. पोलादपूर, माणगाव, खेड, मंडणगड, मुंबई, पार विदर्भातून माणसं येतात. त्या दिवसांत आमच्या भागातल्या फोनांवर भीमगीतांचे व्हिडिओ फिरत असतात. त्यातच एका कॉलेजच्या पोरांचा व्हिडिओ माझ्याकडे आला. गिटार, काहोन आणि एका मुलीचा उघडा, न घासलेला आवाज. गाणं होतं बिर्ला, बाटा, टाटा यांची नावं घेऊन संपत्तीतला आपला वाटा कुठाय असं विचारणारं. खाली लिहिलं होतं, 'गीत : पारंपरिक'.

ज्या गाण्यात टाटा आणि बाटा आहेत ते पारंपरिक कसं असेल? बाटाचे बूट काही संतांच्या काळात नव्हते. गाणं आहे वामनदादा कर्डक यांचं. हे शोधायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावचा. पोटासाठी मुंबईत आले. अक्षरओळख झाली तीही मोठेपणी, कामगार चाळीत. त्यानंतर जन्मभर हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली. १५ मे २००४ ला गेले. 'वाटचाल', 'मोहळ' असे संग्रह आहेत. हा माणूस अज्ञात बिलकूल नाही. आंबेडकरी वस्तीतल्या कुठल्याही आजीला विचारा, तिला दोन-चार गाणी पाठ असतील. तरीही वस्तीच्या बाहेर आलं की गाणं 'पारंपरिक' होतं.

वामनदादांच्या कित्येक गाण्यांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' असं नाव गुंफलेलं असतं. अभंगात जसं 'तुका म्हणे' तसं. संतांची ही जुनी रीत. पण विसाव्या शतकात ती वापरण्यामागे एक व्यावहारिक शहाणपणही दिसतं. ज्याच्या गाण्याची तबकडी निघणार नाही, ज्याचं नाव आकाशवाणीवर निवेदक सांगणार नाही, ज्याला रॉयल्टीचा कागद कधी दिसणार नाही, त्यानं नाव कुठे ठेवावं? गाण्याच्या आतच. आमच्या भाषेत सांगायचं तर मेटाडेटा वेगळ्या फाइलमध्ये न ठेवता डेटातच घुसवून टाकावा. फाइल कॉपी झाली की नावही कॉपी होईल.

यावर मात करणारी एकच गोष्ट आहे. तीन मिनिटांची मर्यादा. कव्हर करताना पहिली दोन कडवी आणि धृपद घेतात, शेवटचं कडवं कापतात. रीलसाठी तर धृपदच पुरतं. आणि त्या कापलेल्या कडव्याबरोबर कवीही कापला जातो.

दुसरे कर्डक

वामनदादांच्या आधी कोण, हा पुढचा प्रश्न. कारण कुठलाही कवी हवेतून उगवत नाही. वामनदादांना श्रोते आयते मिळाले होते. रात्री जेवणं उरकून मैदानात घोंगडी टाकून बसणारे, डफ वाजला की घराबाहेर येणारे, आणि गाण्यातून राजकारण कळून घ्यायची सवय असलेले. ही सवय कुणी लावली?

इंटरनेटवर 'कर्डक' शोधलं की वामनदादाच येतात. पानामागून पान. त्यांच्या मागे त्याच जिल्ह्यातले, त्याच आडनावाचे आणखी एक जण झाकले गेलेत : भीमराव कर्डक. १९३१ मध्ये त्यांनी 'नाशिक जिल्हा युवक संघा'चा जलसा उभा केला. पुढे म्हातारपणी, १९७८ साली, त्यांनीच 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून त्या सगळ्या काळाची नोंद ठेवली. ते पुस्तक नसतं, तर जलशांबद्दल आज आपल्याकडे ऐकीव गोष्टींपलीकडे फार थोडं उरलं असतं.

१९३१ चं नाशिक डोळ्यांसमोर आणा. आदल्या वर्षी, २ मार्च १९३० ला, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झालेला. तो पुढे काही वर्षं चालला. गावागावांतून माणसं गोळा करायची होती. वर्तमानपत्रं होती. बाबासाहेबांचं 'मूकनायक' १९२० चं, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ ला निघालेलं, म्हणजे महाडनंतर दोनच आठवड्यांनी, आणि 'जनता' १९३० चं. पण ज्यांच्यापर्यंत ती पोचवायची त्यांच्यातल्या बहुतेकांना शाळेत बसूच दिलेलं नव्हतं. छापील मजकुराचा तिथे उपयोग मर्यादित. गाणं मात्र रात्रीत एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं.

बाबासाहेब म्हणत की आपली दहा भाषणं आणि एक जलसा सारखाच, असं आंबेडकरी चळवळीत आजही सांगतात. शब्द नेमके काय होते हा भाग वेगळा. पण भाषणाआधी जलसा लावायचा, गर्दी जमवायची, डोकी तापवायची आणि मग वक्ता उभा करायचा, ही पद्धत होती. आजच्या भाषेत ओपनिंग बँड.

कर्डकांचा जलसा एकटा नव्हता. केरूबुवा गायकवाड, केरू अर्जुन घेगडे, पतितपावनदास, दीनबंधू शेगावकर अशी नावं त्या काळात भेटतात. मुंबई, पुणे, नगर, नाशिक, वऱ्हाड, सगळीकडे मंडळं होती. बहुतेकांचा हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. दिवसा काम, रात्री जलसा. ढोलकी, डफ, तुणतुणं, झांज, मिळाली तर पेटी. कपडे घरचे. रंगमंच म्हणजे वस्तीतला ओटा.

तमाशाचा फोर्क

जलसा म्हणजे नेमकं काय, हे कळायला तमाशाचा सांगाडा माहीत हवा. आधी गण, म्हणजे गणपतीला वंदन. मग गवळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, पेंद्या, मावशी आणि चावट थट्टा. मग बतावणी, लावण्या आणि शेवटी वग, म्हणजे कथानक. महाड-पोलादपूरच्या वाड्यांत शक्ती-तुऱ्याचे सामने पाहिलेल्यांना गण आणि गवळण वेगळी समजावून सांगायला नकोत. आजही रात्री दहा वाजता गणानं सुरुवात होते आणि उजाडेपर्यंत सवाल-जवाब चालतात.

सॉफ्टवेअरमध्ये 'फोर्क' म्हणतात तसं इथे घडलं. चालू असलेला प्रोग्राम तसाच्या तसा उचलायचा, लोकांच्या ओळखीची सगळी बटणं जागच्या जागी ठेवायची आणि आतला कोड बदलायचा.

पहिला फोर्क केला सत्यशोधकांनी. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. त्यांच्यामागे, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून, सत्यशोधकी जलसे सुरू झाले. ओतूरचे भीमराव महामुनी हे त्यातलं सुरुवातीचं नाव. गणात गणपतीच्या जागी निर्मिकाचं स्तवन आलं. गवळणीतल्या संवादातून शिक्षणाची चर्चा होऊ लागली. वगात राजा-राणीऐवजी भटजी, सावकार आणि कुलकर्णी आले, आणि ते अडाणी कुणब्याला कसे गंडवतात ते लोक पोट धरधरून हसत पाहू लागले. सातारा-कोल्हापूरकडे १९१०-२० च्या दशकांत या जलशांचा मोठा जोर होता.

आंबेडकरी जलसा हा त्याच्या पुढचा फोर्क. आता गणात बाबासाहेब आले. गवळण बदलली किंवा गळालीच. विषय आले ते असे : मेलेल्या जनावरांचं मांस सोडा. पोरं-पोरी शाळेत घाला. दारू सोडा. देव-देवस्कीवर पैसे उधळू नका. महारकी वतनाच्या तुकड्यासाठी गावाची गुलामी करू नका. पाण्यावर आणि देवळावर आपला हक्क आहे. हे सगळं प्रश्नोत्तरं, फार्स आणि गाण्यांतून. एक शिकलेला, एक अडाणी, एक गावचा पाटील, अशी पात्रं. बायकांच्या भूमिका पुरुषच करायचे. चाली ओळखीच्या. तेव्हा गाजत असलेल्या नाटकाच्या, सिनेमाच्या, भजनाच्या चालीवर नवे शब्द बसवायचे. म्हणजे गंमत बघा. ज्या बँडपर्यंत आपण कव्हरमधून पोचलो, तो बँडही चालींच्या बाबतीत कव्हरच करत होता. फक्त तो चाल ठेवून शब्द फेकून द्यायचा. आज आपण शब्द ठेवतो आणि नाव फेकून देतो.

आठ खेळांचे पैसे

जलशानं तमाशाची चौकट घेतली, पण तमाशाशी त्याचं भांडण होतं. त्या भांडणाचा एक धागा थेट महाडला येतो.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. त्याआधी १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता : सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेनं १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठरावही केला होता. कागदावर सगळं खुलं. प्रत्यक्षात कुणाची पाणी पिण्याची हिंमत नव्हती. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसं रांगेनं तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. मग वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि परिषदेहून परतणाऱ्यांना गावात आणि वाटेवर मारहाण झाली. डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला. जागा कुणी देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. तळ्याचा दावा मात्र कोर्टात गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला, तब्बल दहा वर्षांनी.

या सत्याग्रहासाठी पैसा उभा करणं चालू असताना पठ्ठे बापूराव बाबासाहेबांना भेटायला गेल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जातीनं ब्राह्मण, तमाशाचे सम्राट. त्यांच्या फडातली पवळा महार समाजातली. तिचं नाव महाराष्ट्रभर गाजत होतं. बापूरावांनी आपल्या आठ खेळांचं उत्पन्न सत्याग्रहाला द्यायची तयारी दाखवली. बाबासाहेबांनी नाकारलं. आमच्या बायकांना नाचवून मिळवलेला पैसा आम्हाला नको, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं.

जलशात बाई का नव्हती, लावणी का नव्हती, शृंगार का नव्हता, याचं उत्तर या नकारात आहे. वरच्या जातींच्या करमणुकीसाठी खालच्या जातींच्या बायकांनी नाचायचं, आणि मग त्याच जातींना 'नाचे-गाणारे' म्हणून हिणवायचं, हा व्यवहार तोडायचा होता. शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांच्यावर लिहिताना दाखवलं आहे की लोककला 'कुणाची' हा प्रश्न नेहमीच जात आणि लिंगभाव यांच्यात अडकलेला असतो. जलशानं तो एका बाजूनं सोडवला. त्याची किंमतही होती. पवळासारख्या बाईची कला त्यात कुठेच बसली नाही. बाईच्या अब्रूसाठी उभ्या राहिलेल्या रंगमंचावर बराच काळ बाई नव्हती. गिटारवाल्या पोरांच्या त्या व्हिडिओत मुलगी गाते आहे, ही नव्वद वर्षांतली खरी प्रगती.

पंक म्हणावं का?

मित्रांना हे सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणतं, म्हणजे जलसा हे आपलं पंकच की! मोह होतो खरा. स्वतःचं स्वतः करायचं, परवानगी मागायची नाही. वाजवता फार येत नसलं तरी चालेल, पण सांगण्यासारखं काहीतरी हवं. मोठ्या कंपनीची वाट पाहायची नाही. पंकवाल्यांची हातानं छापलेली पत्रकं, तशा जलसेवाल्यांच्या आणा-दोन आण्याला विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या. समोरच्या प्रतिष्ठितांना चीड येईल अशी भाषा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्या कलाप्रकारात उभं राहायचं त्याच्याच देवाला सुरुवातीला नाकारायचं. गणातून गणपती काढणं हे त्या काळच्या प्रेक्षकांसमोर केवढं धाडस असेल, याची कल्पना शक्ती-तुऱ्यात आज तसं करून बघितलं तर येईल.

पण फरकही तेवढाच मोठा आहे. पंकची प्रसिद्ध घोषणा होती, भविष्य नाही. जलसा पूर्णपणे भविष्याबद्दल होता. पंकनं शिस्तीची टिंगल केली. जलसा श्रोत्यांना सांगत होता, अंघोळ करा, दारू सोडा, पोराला शाळेत घाला, वर्गणी द्या. ज्याला आयुष्यात सगळं मिळालंय तो सगळं मोडायला निघू शकतो. ज्याला तळ्यावरचं पाणीही मिळालं नाही, त्याच्यासाठी स्वच्छ कपडे घालून मान वर करून चालणं हेच बंड. डेट्रॉइटच्या हॅकनी भावांशी जलशाचं नातं लागतं ते आवाजाच्या खरखरीतपणामुळे कमी. 'तुमच्यासारख्यांनी हे वाजवायचं नसतं' असं ऐकून घेतल्यावर तेच वाजवण्यात ते नातं आहे.

लाडवलीचा माणूस

या इतिहासात आणखी एक शाखा आहे, आणि तीही महाडजवळून फुटते. रामचंद्र बाबाजी मोरे हे लाडवलीचे. बालपण दासगावात गेलं. १९२७ च्या परिषदेच्या तयारीतला हा एक प्रमुख माणूस. पुढे मोरे कम्युनिस्ट पक्षात गेले, पण बाबासाहेबांशी नातं तोडलं नाही. गिरणगावात लाल आणि निळा या दोन झेंड्यांमध्ये ताण होता, आणि मोरे त्या दोन्हींमध्ये उभे राहिले.

गाण्यात हेच काम अण्णाभाऊ साठ्यांनी केलं. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांचं 'लाल बावटा कलापथक' १९४४ चं. हाही एक बँडच. त्यांनीही तमाशाची चौकट उचलली, गण बदलला, कामगाराला वगाचा नायक केला. सरकारनं बंदी घातली, तेव्हा तमाशाचं नाव 'लोकनाट्य' झालं आणि प्रयोग चालू राहिले. 'जग बदल घालुनी घाव' हे बाबासाहेबांवरचं गाणं लिहिलं ते या लाल झेंड्याच्या शाहिरानं. आज ते निळ्या झेंड्याखाली सगळ्यात जास्त गायलं जाणाऱ्या गाण्यांपैकी एक आहे. मोऱ्यांना राजकारणात जे जन्मभर जड गेलं, ते एका गाण्यात सहज होऊन गेलंय.

रेकॉर्ड नसलेला बँड

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झालं आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर जलसा हळूहळू मागे पडला. त्याच्या जागी गायन पार्ट्या आणि कव्वालीचे मुकाबले आले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते हे त्या रंगमंचाचे राजे. मग कॅसेट आली, सीडी आली, डीजे आला, रील आलं. प्रत्येक यंत्रानं आधीच्या पिढीची गाणी उचलली आणि पुढे नेली. प्रल्हाद शिंद्यांचं उदाहरण बोलकं आहे. त्यांची विठ्ठलाची गाणी आषाढीला महाराष्ट्रातल्या घराघरांत वाजतात. त्याच गळ्यातून आलेली भीमगीतं त्यातल्या बहुतेक घरांत कधीच वाजत नाहीत. आवाज एकच, पण कान वेगळे. २००४ मध्ये मे महिन्यात वामनदादा गेले आणि जूनमध्ये प्रल्हाद शिंदे.

ही परंपरा सुखासुखी चाललेली नाही. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे शाहीर विलास घोगरे यांनी आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' या माहितीपटात गायलं होतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली. चार दिवसांनी घोगऱ्यांनी आत्महत्या केली. त्यांच्यापासून सुरू होणारा 'जय भीम कॉम्रेड' हा पटवर्धनांचा माहितीपट म्हणजे या गाण्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं चित्रित दस्तावेजीकरण म्हणता येईल. त्यात संभाजी भगत आहेत, 'कबीर कला मंच'ची पोरं आहेत. पण तेही सगळं १९८० नंतरचं. विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीच्या कार्यक्रमात रंगमंचावर असतानाच कोसळले आणि गेले. त्यांचा आवाज तरी आपल्याकडे रेकॉर्ड झालेला आहे. भीमराव कर्डकांच्या १९३१ च्या जलशाचा आवाज कसा होता, ढोलकीची लय किती होती, लोक कुठल्या ओळीला हसायचे, हे सांगणारी 'डेथ'सारखी टेप कुणाच्या माळ्यावर निघणार नाही.

मग उरलं काय? उरल्या चोपड्या, वह्या आणि गळे. चोपड्या म्हणजे मेळ्यात, जयंतीला, चवदार तळ्यावर विकली जाणारी आठ-सोळा पानांची पुस्तकं. कागद हलका, शिवण कच्ची. वह्या म्हणजे गाणाऱ्या माणसांनी हातानं उतरवलेली गाणी. आणि गळे म्हणजे सत्तरी-ऐंशी ओलांडलेली माणसं, ज्यांनी आपल्या आई-बापाच्या तोंडून ही गाणी ऐकली.

आमच्या भागात या तिन्हींना धोका आहे. महाड सावित्री आणि गांधारीच्या काठी वसलेलं. पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की बाजारपेठेत पाणी शिरतं, हे आम्ही लहानपणापासून पाहतो. २२ जुलै २०२१ चा पूर मात्र वेगळा होता. घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत पाणी गेलं. त्याच दिवशी तळियेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर आली. माणसंच गेली तिथे कागदांचं दुःख कोण करणार? पण पाणी उतरल्यावर गाद्या, धान्य आणि भांड्यांच्या ढिगांत वह्या-पुस्तकांचे लगदेही रस्त्याकडेला पडले होते. त्यात कुणाची शाळेची वही होती आणि कुणाची गाण्यांची, हे आता सांगता येणार नाही.

चवदार तळ्याला स्मारक आहे, पुतळा आहे, पायऱ्या आहेत. दगड पुरात टिकतो. ज्या गाण्यांनी या तळ्याची बातमी न वाचता येणाऱ्या माणसांपर्यंत नेली, त्यांचं स्मारक बांधता येत नाही. ती गावी लागतात. म्हणून कव्हर करणाऱ्या पोरांवर माझा राग नाही. उलट त्यांच्यामुळेच गाणं माझ्यापर्यंत आलं. गिटारवर गा, रॅप करा, डीजेवर लावा. जलसेवाल्यांनीही मिळेल त्या चालीवर गायलं होतं. शुद्धतेचा आग्रह धरला असता, तर जलसा जन्मलाच नसता.

फक्त 'पारंपरिक' लिहू नका. पारंपरिक म्हणजे ज्याचा कर्ता काळाच्या ओघात हरवला ते. इथे कर्ता हरवलेला नाही, त्यानं आपलं नाव गाण्यातच सोडलेलं आहे. शेवटचं कडवं गा. जमलं तर खाली कवीचं पूर्ण नाव लिहा, गाव लिहा, कुणाकडून ऐकलं तेही लिहा. आणि घरात, शेजारी, वाडीत कुणी म्हातारं माणूस जुनं गाणं गुणगुणत असेल, तर फोन काढा आणि पूर्ण गाणं रेकॉर्ड करा. फाइलच्या नावात गाणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख घाला. तीस सेकंदांवर थांबू नका. हॅकनी भावांना पाचशे प्रतींसाठी पैसे जमवावे लागले होते. आपल्या खिशात दिवसभर रेकॉर्डर असतो.

भीमराव कर्डकांनी १९७८ मध्ये पुस्तक लिहायला घेतलं, तेव्हा त्यांच्या जलशाला जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांनी कोण कुठे काय गायलं ते आठवून एकेक नाव कागदावर उतरवायचं काम त्यांनी स्वतः केलं, कारण दुसरं कुणी करणार नव्हतं. त्या पुस्तकात ज्यांची नावं आली ते गाणारे उरले. ज्यांची राहून गेली त्यांची गाणी आजही कुठेतरी चालू असतील, एखाद्या लग्नाच्या मांडवात, एखाद्या टेम्पोतल्या स्पीकरवर, एखाद्या पोरीच्या गिटारवर.